बाजारभावांच्या खाली आलेला लेख

माझ्या लेखांचा सगळ्यात चांगला वाचक माझ्या एकाही मताशी सहमत नाही. शब्बीरभाई त्यांचं नाव. काष्टीला बाजारतळाच्या तोंडाशी त्यांचं चहाचं हॉटेल आहे. गुरुवारी सकाळी पेपर आला की बाकावर बसलेल्या मंडळींना ते माझं सदर मोठ्यानं वाचून दाखवतात. स्वल्पविरामाला थांबतात, जिथं मी चिडलोय तिथं आवाज चढवतात, आणि मी दिल्लीतल्या कुणाला टोला मारला असेल तर एक क्षण थांबून सगळ्यांकडं बघून घेतात. वाचून झालं की पेपर घडी घालून गल्ल्यावर ठेवतात आणि माझा एकेक मुद्दा खोडून काढतात.

पहिल्यांदा हे डोळ्यांनी बघितलं तेव्हा मी विचारलं, "पटत नाही तर इतकं रंगवून वाचता कशाला?"

"वाचेस्तोवर मी तुमचा, लेखकसाहेब. वाचून झालं की माझा."

याच्या बरोबर उलटे एक गृहस्थ श्रीरामपूरला आहेत. कापसाचे व्यापारी. दर गुरुवारी न चुकता फोन करतात. "अजून वाचलं नाही, पण पटलं!" असं म्हणून ठेवून देतात. बरीच वर्षं मला हा फोन आवडत होता, हे आधी सांगून टाकतो.

मी आमच्या जिल्हा दैनिकात राष्ट्रीय राजकारणावर सदर लिहितो. सहावं पान, डावीकडची उभी चौकट. काम काय असतं हे बाहेरच्याला ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. बुधवारी दुपारपर्यंत मजकूर द्यायचा. सातशे शब्द. मथळा आपला नसतो, तो डेस्कवर बसलेला उपसंपादक देतो, आणि त्याला तो जागेत बसवायचा असतो. त्यामुळं मी 'कदाचित', 'बहुतेक वेळा', 'काही अपवाद वगळता' असं लिहून स्वतःला सांभाळतो आणि मथळा ते सगळं एका ओळीत पुसून टाकतो. वाचकाच्या लक्षात मथळाच राहतो.

लोक मला उजवा म्हणतात. मी जुन्या वळणाचा आहे असं मला वाटतं. कुटुंबानं कुटुंबाचं बघावं, गावानं गावाचं बघावं, आणि जे या दोघांना झेपत नाही तेवढंच सरकारनं करावं, असं मी मानतो. निवडणूक आली की प्रत्येक पक्ष काही ना काही फुकट वाटायला निघतो, त्याची मला चीड आहे. ज्यांना मी मत दिलं त्यांनीही तेच केलं तेव्हा मी त्यांच्यावरही लिहिलं. "आपल्याच माणसांना का टोचता?" असे फोन आले. ते मी अभिमानानं घेतले.

दिल्लीच्या वाहिन्यांवरही मी पुष्कळ लिहिलं. माझ्यासारखा विचार करणारा माणूस त्यांना एक तर अडाणी दिसतो नाही तर भांडखोर. आमचा जिल्हा त्यांना दिसतो तो फक्त दगड उडाल्यावर. हे मी आजही म्हणेन. पण पक्षपात म्हणजे खोटी बातमी असं लोकांना वाटतं, तसं ते क्वचित असतं. तो क्रियापदात असतो. आपल्या माणसानं 'सांगितले', दुसऱ्याच्या माणसानं 'दावा केला'. आपला मोर्चा 'धडकला', दुसऱ्याचा 'रेंगाळला'. मी दिल्लीकरांची ही क्रियापदं वेचून वाचकांपुढं ठेवायचो. आमच्याच पेपरच्या तालुक्याच्या पानावर, ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आली त्यानं वर्षभर सगळं 'सांगितलेलं'च असायचं. तिकडं मी बघत नव्हतो. आमच्या वार्ताहरांचं घर त्या जाहिरातींच्या कमिशनवर चालतं, म्हणून बघवत नव्हतं, असंही म्हणता येईल.

सरकारनं मोफत उपचारांची योजना वाढवली तेव्हा मी तिच्यावर लिहिलं. माझे मुद्दे आजही मला मान्य आहेत. गावातल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, सिव्हिलमध्ये यंत्र आहे पण चालवणारा नाही, आणि त्याआधी आपण कार्डं वाटतोय, कार्डावर पुढाऱ्यांचे फोटो. हे उलटं आहे. पण त्या लेखात आणखी दोन वाक्यं होती, लिहिताना मला फार छान वाटलेली. डेस्कनं मथळा दिला, 'फुकट उपचार, गहाण स्वाभिमान'. श्रीरामपूरहून फोन आला. पटलं होतं.

पुढं बरेच दिवस गेले आणि एका सोमवारी सकाळी शब्बीरभाईंचा फोन आला. ते कधी फोन करत नाहीत.

"लेखकसाहेब, तुमचा एक वाचक तुमच्यामुळं मरायला बसलाय. येता का?"

तो वाचक म्हणजे किसनतात्या. त्यांना मी बाकावर बघितलेलं होतं. भिंतीकडच्या टोकाला बसून डोळे मिटून ऐकायचे. लिंबाची बाग, बागायती बरी, कुणापुढं कधी मान वाकवलेली नाही असा माणूस. छातीत कळा येत होत्या म्हणून नगरला नेलं, तर बायपास करावी लागेल, वेळ घालवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. योजनेत ते ऑपरेशन बसत होतं. तात्या कार्ड काढायला तयार नव्हते.

नगरच्या सावेडीतल्या माझ्या घरून रिक्षानं स्टँड आणि तिथून दौंडकडं जाणारी एसटी धरून मी काष्टीला उतरलो. शब्बीरभाई मला गाडीवर बसवून वस्तीवर घेऊन गेले. तात्या ओसरीवर उशीला टेकून बसले होते.

"गुरुवारचे आले गं! च्या टाक," ते आत ओरडले आणि तेवढ्यानं त्यांना धाप लागली.

"तात्या, डॉक्टर काय म्हणाले?"

"तीन नळ्या तुंबल्यात म्हनं. पाईपात गाळ बसतो तसं. कापून नवीन बसवायच्या."

"मग जायचं कधी?"

"कशाला? बाग इकल्याबिगर हुत न्हाई ते. आन बाग मी इकनार न्हाई, ती पोरांची हाय."

"अहो, विकायची कशाला? योजनेत सगळं होतं. कार्ड काढा, आधार घेऊन चला."

देवघरात चपला घालून शिरलो असतो तर तात्यांनी बघितलं असतं, तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तुमी सांगताय व्हय हे? 'ज्याला कमवायला हात दिलेत त्यानं सरकारपुढं हात पसरू नये.' कुनी लिवलं?"

"मी."

"'घरचं दुखणं घरानं काढावं, नातवांच्या खिशातून नव्हे.' हे कुनी?"

"तेही मीच. पण तात्या, ते धोरणाबद्दल होतं. एका माणसाबद्दल नव्हतं."

"मी एक मानूसच हाय की. धोरन मला कुटं दिसतंय?"

शब्बीरभाई खांबाला टेकून उभे होते. ते म्हणाले, "तात्या, मी त्याच दिवशी तुमाला सांगितलं हुतं, हा लेख चुकीचा हाय म्हनून."

"तू समदेच लेख चुकीचे म्हनतो, शब्बीर. त्यातला खरंच चुकीचा कंचा, हे मला कसं कळावं?"

काकूंनी चहा आणला. तात्यांनी बशी हातात घेतली आणि सहज विचारलं, "तुमचं कसं असतं? तुमी आजारी पडल्यावर?"

"माझा विमा आहे. ऑफिसचा."

"हप्ता कोन भरतं?"

"मालक भरतात."

"मंग तुमचं बी घरानं न्हाई काडलं," तात्या म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना नुसती माहिती हवी होती. मी कप खाली ठेवला. पित्ताशयाचं ऑपरेशन झाल्यावर मी त्या विम्याच्या खोलीत, स्वच्छ चादरीवर पडून एक लेख सांगितला होता, बायकोनं लिहून घेतला होता. विषय होता स्वावलंबन.

"तात्या," मी म्हणालो, "मी तुमच्यासमोर बसून सांगतो. ती दोन वाक्यं मी लिहायला नको होती. तुम्ही जा."

तात्यांनी मान हलवली. "हितं बसून तुमी मायेनं बोलताय. पाव्हना बी बोलतो, जावई बी बोलतो. त्यावर काय जायचं? पेपरात लिवलेलं हुतं, ते मी मानलं. आता पेपरातच सांगा. पेपरानं सोडलं तर जातो."

मी हात जोडले, शब्बीरभाई चिडले, काकू रडल्या. तात्या हलले नाहीत. छापलेलं ते खरं असं म्हणणारे लोक मी पाहिले होते. छापणाऱ्यापेक्षा छापील शब्दाला मोठा मानणारा हा पहिलाच. आणि त्याला तसा मीच केला होता.

निघताना काकू अंगणापर्यंत आल्या. "सायेब, काय बी लिवा, पन लवकर लिवा. ह्यो मानूस आता आडवा पडून झोपत बी न्हाई, धाप लागती."

अंगणात एक भलीमोठी कढई पालथी पडलेली होती, तिच्यावर कोंबड्या बसल्या होत्या. मी उगाच विचारलं, "ही एवढी कढई कशाला?"

"इर्जिकीची," काकू म्हणाल्या. "ह्यांचा पाय मोडला हुता, तवा समद्या वस्तीनं बैलं आनून आमचं रान नांगरून दिलं. मंग ह्यांनी ही कढई घेतली आन समद्यांना जेवू घातलं. तवापासून कुनाची बी इर्जिक असू द्या, कढई आमची जाती."

आता ट्रॅक्टर आले, इर्जीक फार कुठं राहिली नाही. ज्याचं काम अडलं त्याच्या शेतावर सगळ्यांनी आपापली औतं घेऊन जायचं, एका दिवसात काम उरकून द्यायचं, आणि त्यानं सगळ्यांना जेवण घालायचं. मजुरी कुणी मागत नाही. उद्या तुमचं अडलं की तो येणार.

परतीच्या एसटीत बसलो आणि गाडी गावाबाहेर पडण्याच्या आत मला कळलं की माझा लेख त्या कढईखाली होता. मी जुन्या वळणाचा माणूस, गावानं गावाचं बघावं म्हणणारा. तर गाव बघत होतं ते असं बघत होतं. पाय मोडल्यावर वस्तीनं नांगरट केली तेव्हा तात्यांचा स्वाभिमान गहाण पडला नव्हता. तो वाढला होता, म्हणून तर त्यांनी कढई घेतली. बायपास काही वस्तीला करता येत नाही. ती करायला वस्ती राज्याएवढी मोठी लागते, एवढाच फरक. हे मला डाव्यांकडून उसनं घ्यायची गरज नव्हती. ते माझ्याच घरात होतं आणि मी तिकडं पाठ करून दिल्लीकडं बघत लिहीत बसलो होतो.

मंगळवारी संपादकांना सांगितलं. ते माझे जुने मित्र.

"निवडणूक तोंडावर आलीय," ते म्हणाले. "आणि तू त्याच योजनेवर बरं लिहिणार? लोक म्हणतील पाकीट पोचलं."

"म्हणू देत."

"ते सोड. मला एवढंच सांग, मत बदललंय, का एक माणूस बघून विरघळलास?"

"मत तेच आहे. ते ज्याला लागू होतं त्याला बघायला मी गेलो नव्हतो."

"लिही," ते म्हणाले.

बुधवारी मजकूर दिला आणि घरी येऊन जेवायला बसलो, तोवर त्यांचा फोन. सहावं पान गेलं. एका पुढाऱ्याचा वाढदिवस, पानभर जाहिरात, मालकांनी स्वतः घेतलेली. "पुढच्या गुरुवारी टाकू."

मी तसाच ऑफिसात गेलो. आवाज चढवणं माझ्या स्वभावात नाही, त्या दिवशी चढला. "तुमचा पुढचा गुरुवार त्या माणसाला मिळेल याची खात्री देता का?"

संपादकांनी पानांचे आराखडे पुढं ओढले. मग म्हणाले, "कांद्याचे लिलाव बंद आहेत. त्यामुळं बाजारभावांच्या तक्त्याखाली जागा उरलीय. तीनशे शब्द बसतील."

सातशेचे तीनशे करताना काय काय जातं हे बघण्यासारखं असतं. आधी दिल्ली गेली. मग दोन अर्थतज्ज्ञ गेले. 'तथापि' आणि 'अर्थात' गेले. माझ्या जुन्या लेखाचं समर्थन करणारा एक अख्खा परिच्छेद होता, तो मी शेवटपर्यंत वाचवायला बघितला, तोही गेला. उरलं ते साधारण असं होतं:

"आजाराचा मोठा खर्च सगळ्यांनी मिळून उचलणं ही भीक नाही, इर्जीक आहे. इर्जिकीत घेणाऱ्याची मान खाली जात नाही, कारण त्यानं काल दिलेलं असतं आणि उद्या तो देणार असतो. मी पूर्वी याला हात पसरणं म्हणालो. ते चूक होतं. माझ्या स्वतःच्या दुखण्याचा खर्चही दुसऱ्यानंच भरला होता. मात्र इर्जिकीचे नियम सरकारनंही पाळावेत. इर्जिकीला येणारा बैलाच्या पाठीवर स्वतःचा फोटो लावून येत नाही. कार्डावरचे फोटो काढा. ज्यांनी रान नांगरलंच नाही आणि जेवायला बसले, अशी खोटी बिलं लावणारी रुग्णालयं पंगतीतून उठवा. आणि ज्याला इर्जीक हवी त्यानं लाजू नये."

मथळा मीच दिला, कारण त्या पानाला उपसंपादक मथळे देत नाही. 'इर्जीक घ्या'.

गुरुवारी सकाळी काय झालं ते शब्बीरभाईंनी सांगितलं. त्यांनी सहावं पान उघडलं तर पुढाऱ्याचा हसरा चेहरा. तात्यांना त्या दिवशी रिक्षात घालून आणलं होतं, घरी थांबायला ते तयार नव्हते. शब्बीरभाई म्हणाले, "तात्या, आज लेखकसाहेब न्हाईत." तात्यांनी पेपर मागितला. लेख नाही तर नाही, लिंबाचा भाव तरी बघावा म्हणून. भाव बघितला आणि तिथंच खाली बोट ठेवलं.

"हितं हाय की. वाच."

"तुमचं तुमी वाचा, समोर हाय."

"तूच वाच. तू वाचल्याबिगर मला पेपर वाटत न्हाई."

शब्बीरभाईंनी वाचलं. घडी घालून पेपर गल्ल्यावर ठेवला. मंडळी वाट बघत होती.

"मग? खोडलं नाहीत?" मी फोनवर विचारलं.

"काय खोडायचं? मी दहा वर्षं हेच म्हनतोय, तुमी आज लिवलं. म्हंजे लेख माझाच झाला की."

तात्या उठले आणि म्हणाले, "चला, कार्ड काडू." शब्बीरभाईंनी बाजाराच्या हंगामात कधी न मिटणारं हॉटेल मिटलं आणि त्याच रिक्षात बसले.

रुग्णालयात सगळं सरळ झालं असं नाही. "आधी थोडे भरा, मग बघू," असं खिडकीवर एकानं सांगितलंच. योजनेच्या टेबलावर बसणारी आरोग्यमित्र नावाची व्यक्ती असते, रुग्णाला कागदांतून बाहेर काढायला. त्या मुलीनं तो विषय तिथंच संपवला. एक पैसाही भरावा लागला नाही. मी पत्रकार म्हणून कुणाला फोन केला नाही, करावा लागला नाही, याचा मला फार आनंद झाला. जी व्यवस्था ओळखीशिवाय चालते तीच व्यवस्था. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर तात्यांनी लिंबाचा भाव विचारला.

श्रीरामपूरहून त्या आठवड्यात फोन आला. "वाचलं नाही अजून, पण या वेळी पटलं नाही." किती मिळाले, असं विचारणारेही बरेच होते. मी त्यांना उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं असतं तर खूप मिळालं असंच द्यावं लागलं असतं.

एक मात्र सुटत नाही. काष्टीला शब्बीरभाई होते म्हणून मला फोन आला. माझा पहिला लेख आणखी कुठल्या बाकावर वाचला गेला, तो ऐकून कोण घरी बसून राहिलं, हे कळायला मला काही मार्ग नाही. मी मतं बदललेली नाहीत. कमी सरकार, जास्त गाव, हेच आजही लिहितो, आणि दिल्लीकरांची क्रियापदंही वेचतो. फक्त आता मजकूर पाठवण्याआधी तो एकदा मोठ्यानं वाचतो, समोर तात्या टेकून बसलेत असं धरून. निम्मा कमी होतो.

तात्या आता बागेत हिंडतात. परवा गेलो तेव्हा ते जरा काळजीत दिसले.

"इर्जीक घेतली. आता जेवन घालाया पायजे. पन घालू कुनाला? पैशे कुनी कुनी भरले?"

"सगळ्यांनीच, तात्या. काडेपेटी, साबण घेणारा माणूससुद्धा कर भरतो."

"मंग समद्यांना बोलवा. पेपरात द्या."

मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, अख्खं राज्य जेवायला आलं तर जबाबदार कोण? त्यांनी छापलं नाही. तात्यांना हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. पेपरानं नाही म्हटलं हे त्यांनी कसं घेतलं असतं, काय सांगावं. एवढ्यात दिवाळी अंकाचं पत्र आलं, कामातले अनुभव लिहा म्हणून. तात्यांना विचारलं, हे चालेल का? गेल्या वर्षीचा अंक हातात घेऊन त्यांनी जाडी बघितली. "चालंल. पेपरापरीस टिकतं."

तर हे निमंत्रण. काष्टी, तालुका श्रीगोंदा, कोणताही बाजारचा दिवस. कढई घासून ठेवलेली आहे. ज्यानं कधी साबणाची वडी विकत घेतली आहे त्यानं यावं. वस्तीचा रस्ता शब्बीरभाई सांगतील, पण आधी त्यांच्या बाकावर बसून हा लेख ऐकावा लागेल. आणि नंतर ते तो खोडून काढतील, तेवढा वेळ काढून या.